सुभेदारांची पेटी

कुंडलच्या नाथाजींचा कॅमेरा परदेशात अडकला तो त्यांच्याच हुद्द्यापायी. हे ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही?

नाथाजी फौजेतनं सुभेदार होऊन आले. आमच्याकडं हुद्दा एकदा नावाला चिकटला की फाटकावर, मोटारसायकलवर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा चढतो. परदेशी फौजेनं मोडीत काढलेला, अंगाच्या उबेवरून जनावर दाखवणारा हा कॅमेरा त्यांनी व्यापाऱ्याकडून रीतसर घेतला होता. ऊसतोडणीआधी ते सरीसरीतनं फड बघायचे. बिबट्याची मादी पिलांसकट दिसली, की टोळी दुसऱ्या फडाला. तेव्हापासून कुणाला ओरखडा नाही.

यंदा त्याची काच बिघडली. दुरुस्तीला परदेशी धाडायचा म्हणून नाथाजींनी लाकडी पेटी केली, काळी रंगवली आणि वर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण लिहिली. फौजेत सामान असंच जातं ना! कॅमेरा नीट झाला, पण पेटी बघून तिथल्या साहेबांनी तो परत धाडायचा परवाना रोखला. म्हणे, माल दुसऱ्या देशाच्या सैन्याला चाललाय.

"सैन्य? आवं, मी आन बनुबाई, एवढंच सैन्य हाय हितं!" नाथाजी फोनवर कडाडले.

व्यापारी म्हणाला, साधे नागरिक आहात हे दाखवा, घराचा फोटो पाठवा. फाटकावर तर हातभर अक्षरांत 'सुभेदार'. तोडणी तोंडावर आलेली, आणि टोळीतल्या मंगलचं तान्हं दिवसभर बांधावरच्या झोळीत असणार.

"खरवडून टाका," त्यांची बायको बनुबाई म्हणाली. "हुद्दा गेला तर परत लिवता यील. मंगलचं लेकरू गेलं तर?"

नाथाजींनी खुरप्यानं खरवडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. बर्फातल्या सीमेवर असलीच यंत्रं देशानं ज्या हातांत बिनघोर दिली, त्या हातांनी आता आपलीच निशाणी पुसायची!

फोटो गेला, उत्तर आलं. माणूस नागरिक आहे, मान्य. पण असलं यंत्र नागरिकाला देता येत नाही. सैन्यानं मागितलं तर बघू.

अरे, थट्टा लावलीय काय!

तोडणीच्या सकाळी मंगल झोळी न बांधता लेकरू पाठीशी घेऊनच कोयता धरून उभी होती. नाथाजींनी पत्र्याचे दोन डबे उचलले.

"समदी बांधावर थांबा. मी आत जातो."

"आवं सुभेदार, एकलं जाऊ नगा!" मंगल ओरडली.

डबे बडवत ते उसात शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत फाटला होता.

"पिलं घिऊन वड्याकडं गेली. कापा आता," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं.

"नाथाजी," ते म्हणाले. तिनं लिहायला घेतलं, तसा त्यांनी डाव्या हातानं तिचा पेन अडवला.

"आधी सुभेदार लिवा."