पंचांसमोर न वाजलेली घंटी

दिग्रसच्या एका जिनिंग फॅक्टरीत हंगामात सकाळी सातला बाया जिनखोलीत जात आणि त्यांच्यामागे दाराला बाहेरून कुलूप पडे. बाया ओच्यात रुई लपवून नेतात, असे मालकाचे म्हणणे होते. किल्ली फाटकावरच्या चौकीदाराच्या, उकंडाच्या, कमरेला असे. दुपारी जेवणाला आणि संध्याकाळी सुटीला तो दार उघडत असे.

१९६३ च्या जानेवारीत कापसातून एक खडा सरकी वेगळी करणाऱ्या जिनमध्ये गेला, ठिणगी उडाली आणि रुईने पेट घेतला. बायांनी दार बडवले. इंजिन आणि जिनांच्या आवाजात ते फाटकापर्यंत पोचले नाही. पत्र्याच्या फटींतून धूर निघू लागला तेव्हा उकंडा धावला. हंसाबाई नावाच्या मजूर बाईचे हात कोपरापर्यंत भाजले; त्यानंतर तिला भाकरी थापता आली नाही. जैबुनबीचे एका बाजूचे केस जळाले. जैबुनबी त्याच फॅक्टरीतल्या कय्युम मिस्त्रीची बायको. आग लागली तेव्हा कय्युम तिच्यापासून पन्नास पावलांवर, इंजिनखोलीत होता. त्यालाही काही ऐकू आले नव्हते.

त्यांची मुलगी हलीमा तेव्हा नववीत होती. मुसलमान मोहल्ल्यातून हायस्कूलला जाणारी ती एकटीच मुलगी. पुढच्या वर्षी शाळेत कागद आला की जिल्ह्यातल्या शाळांचे विज्ञान प्रदर्शन यवतमाळला भरणार आहे. विद्यार्थ्याने स्वतः केलेले आणि पंचांसमोर प्रत्यक्ष चालणारे यंत्र हवे, अशी अट होती. विज्ञान शिकवणारे खेमसिंग मास्तर जवळच्या बंजारा तांड्यावरचे. तांड्यातले पहिले मॅट्रिक. त्यांनी वर्गात कागद वाचून दाखवला. तास संपल्यावर हलीमा त्यांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "सर, आगीची घंटी करता येईल काय?"

घंटी साधी होती. पितळेची एक पट्टी सुती दोऱ्याने वर ओढून धरलेली. तिच्याखाली दुसरी पट्टी. आग लागली की दोरा जळणार, वरची पट्टी खाली पडणार, दोन्ही टेकल्या की बॅटरीच्या सेलमधली वीज फिरणार आणि लांब तारेच्या टोकाला, फाटकावर, घंटी वाजणार. घंटीची वाटी जुन्या सायकलची होती. खिळ्यावर तार हलीमाने स्वतः गुंडाळली. मास्तरांनी दोनदा उलगडायला लावली. तिसऱ्यांदा घंटी वाजली.

कय्युम मॅनेजर विठ्ठलरावांकडे गेला. फॅक्टरीत अशी घंटी लावावी, जिनखोलीत दोरा आणि फाटकावर घंटी, एवढेच त्याचे मागणे होते.

"पोरीचं खेळणं आहे, मिस्त्री," विठ्ठलराव म्हणाले. "पण जाऊ द्या तिले यवतमाळले. पंचांनं पहिला नंबर देला तर मालकाशी मी स्वतः बोलतो. सरकारी कागद असला का मालक ऐकतात."

घरी जैबुनबी हसली. "तुही घंटी वाजली का उकंडा पहिले बिडी संपवल, मग कमरेची किल्ली शोधल."

"संपवू दे. ऐकू तर येईल," हलीमा म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने बापलेक निघाले. मास्तर आदल्या दिवशीच पुढे गेले होते. घंटीचा खोका कय्युमच्या मांडीवर होता आणि खड्डा आला की तो दोन्ही हातांनी उचलून धरत होता. यवतमाळला उतरले तेव्हा सगळ्या सामानावर तांबडी धूळ बसली होती. प्रदर्शन ज्या शाळेत होते तिच्या आवारात लिंबाखाली त्याला बसवून हलीमा नाव नोंदवायला रांगेत उभी राहिली.

कय्युमने बावीस वर्षे जिन सांभाळले होते. जागेवरून हललेले यंत्र तेल दिल्याशिवाय चालू करायचे नाही, हा त्याचा रोजचा नियम होता. तेलाची छोटी बुधली त्याच्या खिशात कायम असे. फॅक्टरी तेलाच्या इंजिनावर चालत होती आणि त्याच्या घरात कंदील होता. विजेच्या तारेला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. त्याने फडक्याने खोका पुसला, झाकण उघडले आणि जिथे दोन धातू एकमेकांवर येतात त्या प्रत्येक जागी जिनचे जाड काळे तेल सोडले. मग झाकण लावून तो वाट पाहत बसला.

पंच तिघे होते. प्रत्येक टेबलापाशी ते तीन मिनिटे थांबत. हलीमाने न अडखळता यंत्र समजावले. फॅक्टरीत आग कशी लागते तेही सांगितले. एका पंचाने काडी ओढून दोऱ्याला लावली. दोरा जळाला. वरची पट्टी खाली पडली, खालच्या पट्टीवर टेकली आणि घंटी वाजली नाही.

"सेल उतरले का?"

"नाही सर. सकाळी वाजली होती."

दुसरा दोरा बांधला. दुसरी काडी. पुन्हा तेच. पंचाने घड्याळ पाहिले, वहीत काही लिहिले आणि तिघे पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे एका मुलाने प्लॅस्टरचे धरण केले होते. त्यातून खरे पाणी पडत होते.

हलीमाने वाकून पाहिले. पट्ट्या चकाकत होत्या. तिने बोट लावले, वास घेतला. मग ओढणीच्या पदराने दोन्ही पट्ट्या कोरड्या होईपर्यंत पुसल्या आणि हाताने टेकवल्या. घंटी अशी वाजली की सगळा हॉल वळला.

"आता वाजली म्हणे," कोणीतरी बोलले आणि बरेच जण हसले. खेमसिंग मास्तर पंचांच्या मागे धावले. मोठ्या पंचाने त्यांना शांतपणे सांगितले की तीन मिनिटांची अट सगळ्यांना सारखीच आहे.

परतीच्या गाडीने दारव्हा सोडले.

"काहून नाही वाजली?" कय्युमने विचारले.

"तार सुटलती, अब्बा."

"अन् ओढणीले काळं कायचं लागलं?"

तिने ओढणीचा पदर मुडपून घेतला. कय्युमने खिशातली बुधली काढली, तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "विजेले तेल नाही चालत काय?"

"नाही चालत."

"मले कोणी सांगतलंच नाही, बेटा."

दुसऱ्या दिवशी तो खोका घेऊन विठ्ठलरावांसमोर उभा राहिला. "साहेब, गलती माही होती. मी तेल देलं. पोरीची मशीन चांगली आहे, पहा." त्याने टेबलावर घंटी वाजवून दाखवली. विठ्ठलरावांनी ती दोनदा ऐकली.

"वाजते ना बाप्पा, मी कुठं नाही म्हणून राह्यलो? पण पंचांच्या कागदावर काय लेहलं? प्रयोग चालला नाही. उद्या आग लागली अन् हे नाही वाजलं, तर मालक मलेच धरतील."

"मंग कुलूप तरी नका लावू."

"मिस्त्री, कुलपाचं बोलू नका. तुम्ही फिटर आहा."

त्या दिवशी कय्युमने जैबुनबीला काम सोडायला सांगितले. ती पीठ मळत होती. "हंसाच्या जागी दुसरी आलीच ना? माह्या जागीबी येईल," ती म्हणाली. "दार तेच राहील. अन् दोघांतल्या एकाच्या मजुरीवर घर चालवून दाखवा, मंग सांगा."

फेब्रुवारीत हलीमा शाळेत येईनाशी झाली. आठव्या दिवशी दुपारी, आईबाप फॅक्टरीत असताना, खेमसिंग मास्तर घरी आले. ती विठ्ठलरावांकडे जिनखोलीत झाडणीचे काम मागून आली होती.

"पुढच्या साली अकरावीले मॅट्रिक होशील. झाडू मारायले चालली काय?"

"सर, बाया जिनकडे तोंड करून बसतात. मागं काय होऊन राह्यलं ते कोणालेच दिसत नाही. झाडणारीच तेवढी सगळ्या जिनांपाशी फिरते. ठिणगी पडली तर तिलेच पहिले दिसते."

"अन् दिसली, मंग? दार तर बंद."

"पाण्याची बादली मागतली आहे. एक देतो म्हणाले."

मास्तर चहा न घेता उठले. पुढच्या वर्षी प्रदर्शनाचा कागद आला, तेव्हा तो त्यांनी वर्गात वाचला नाही.

मास्तर येऊन गेल्यावरच्या सोमवारी सकाळी हलीमा हाती झाडू घेऊन जिनखोलीच्या दारापाशी आली. तिने घरी काही सांगितले नव्हते. जैबुनबीने तिला पाहिले आणि मनगट धरून फाटकाकडे ओढले. "घरी जाय. आत्ताच्या आत्ता जाय."

"नाही जात."

"एक जळाली ते पुरे नाही काय तुले?"

बाकीच्या बाया आत गेल्या होत्या. उकंडाने हातातले कुलूप दारावर आपटले. "आत का बाहेर, ते ठरवा लवकर. इंजिन सुरू झालं."

हलीमाने हात सोडवून घेतला आणि आत गेली. जैबुनबी क्षणभर बाहेर उभी राहिली. मग तीही आत गेली आणि उकंडाने कडी लावली.