गुळवेलीचा काढा

माझ्या नवऱ्याला रक्ताचा कर्करोग निघाला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "सध्या औषध नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि लक्ष ठेवायचं." हा प्रकार सावकाश वाढतो, काहींना वर्षानुवर्षं उपचार लागत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. मला ते काडीचंही पटलं नाही. घरात साप निघालाय आणि त्याच्याकडे नुसतं बघत बसा, असं कुणी सांगतं का? मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. 'गप्प बसा' हे दुसऱ्यांना सांगायची सवय, स्वतः गप्प बसायची नाही.

आम्ही राहतो नाशकात, पण यांचा जीव दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत. बागेच्या बांधावर कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, असं आमच्याकडे मानतात. पांढऱ्या पेशी बिघडल्या म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली, ती वाढवली की झालं, असा तर्क मी लढवला. रोज सकाळी वेलीची कांडं ठेचायची, उकळायची आणि पेलाभर काढा उपाशीपोटी त्यांच्या हातात द्यायचा. डॉक्टरबाईंना यातलं काही सांगायचं नाही, हेही मीच बजावलं. आजकालच्या पोरींना आपलं काही पटत नाही, असं माझं मत. हे तोंड वाकडं करून प्यायचे. "लय कडू हाय," एवढीच तक्रार.

सात-आठ महिने असे गेले. मग मानेतल्या गाठी वाढल्या आणि डोळे पिवळे दिसू लागले. आता उपचार सुरू करायलाच हवे होते, पण रिपोर्टमध्ये यकृताला सूज निघाली. तिचं कारण कळल्याशिवाय कर्करोगाच्या गोळ्या देता येत नव्हत्या. "बाहेरचं काही घेताय का? आयुर्वेदिक, गावठी, काहीही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाय," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. निर्यातीच्या द्राक्षांवर कुठली फवारणी कुठल्या दिवशी केली, हे बागायतदाराला वहीत लिहावं लागतं. लपवलेलं औषध तपासणीत सापडतं आणि माल नाकारला जातो. या माणसाने उभ्या आयुष्यात एक फवारणी वहीतून गाळली नव्हती. शेजारच्याने गाळली तेव्हा त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. आणि आता मला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून तो स्वतःच्या जिवावर उदार होऊन खोटं बोलत होता. मला लाज वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती वाटली.

"मी देते," मी म्हणाले. "गुळवेलीचा काढा. रोज."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांच्यातल्याच काही बिघडल्या आहेत. उरलेल्या धडधाकट पेशींनी त्यांना संपवायला हवं, पण त्यातल्या काही थकून गेल्यात आणि काही तर बिघडलेल्यांनाच आसरा देतात, जगवतात, वाढू देतात. "त्यामुळे प्रतिकारशक्ती वाढवायला गेलात तर नेमकं कुणाला बळ मिळेल, हे सांगता येत नाही, काकू. यकृताला मात्र गुळवेलीने अशी सूज येऊ शकते."

"म्हंजे कुंपणच शेत खातंय," हे म्हणाले. अशा वेळीही यांना म्हण सुचते.

"मग गाठी माझ्यामुळे वाढल्या का?"

"तसं वाटत नाही. आजार आपल्याच गतीने वाढला असेल. पण खात्री देता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. काढा बंद करायचा, सूज उतरायची वाट बघायची, मग गोळ्या. तोवर गाठी काही आमच्यासाठी थांबणार नव्हत्या.

घरी येताना रिक्षात मी यांच्यावरच उखडले. खोटं का बोललात म्हणून विचारलं. त्यांनी पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. पहिल्या भेटीत दवाखान्यातून मिळालेला. विचारल्याशिवाय कुठलाही काढा किंवा चूर्ण घेऊ नये, असं त्यावर ठळक छापलेलं होतं. त्यांनी तो तेव्हाच वाचला होता.

"मग प्यालात कशाला?"

"सकाळी ती वेल ठेचत बसायचीस तेवढा वेळ तू बरी दिसायचीस. बाकी दिवसभर तुझ्याकडं बघवायचं नाय."

मी त्या कागदाची पुन्हा घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

आज काढा बंद करून नववा दिवस. आता सकाळी करण्यासारखं काही नाही. चहा करते आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसते. ते खिडकीकडे तोंड करतात, खालची पापणी बोटाने ओढतात आणि विचारतात, "आज जरा कमी पिवळे हायेत ना?"

"हो," मी म्हणते. "बरेच कमी आहेत."