रशियातलं दंव

गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा अप्पांनी काखेतलं जाडजूड पुस्तक खिडकीच्या गजांतून तिरकं करून आत सरकवलं. "पहिला भाग घरीं असों दे. हा दुसरा तुजकडे. पुढें काय झालें तें वाच आणि मज सांग." कुंभकोणम् स्टेशनावर बाकीचे बाप लेकींना लोणच्याच्या बरण्या देत होते. माझ्या बापानं मला अर्धी रशियन कादंबरी दिली. मला हसू आलं. ते पापनाशम् मागे पडेपर्यंत टिकलं, मग पुस्तकावरच डोकं टेकून रडले.

आई मी शाळेत असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. अप्पा नाचियारकोविलला समयांच्या दुकानात होते. संध्याकाळच्या बसने परत यायचे, जेवायचे, आणि घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, तो रशियन उघडायचे. पुस्तक तमिळ, आमचं घर मराठी. अप्पा मनात तमिळ वाचत आणि तोंडाने आमच्या तंजावरी मराठीत सांगत. ज्या नावांच्या शेवटी 'विच' यायचं, त्यांचे त्यांनी सरळ 'राव' करून टाकले होते. चहाचं ते रशियन भांडं म्हणजे आमच्या दुकानातलीच पितळ, फक्त आत वातीऐवजी पाणी. त्यामुळे मोठी होईपर्यंत मला रशिया शेजारच्या तिरुनागेश्वरम्‌च्या थोडासा पलीकडेच वाटायचा.

आणि तिथे दंव फार पडायचं. माणसं दंवात वाट चुकत, दंवात घोडे रुतत, दंवानं मरतसुद्धा. घोटाळा असा की तमिळमध्ये 'पनि' म्हणजे दंव आणि 'पनि' म्हणजेच हिम. अप्पांनी दंव घेतलं. आम्हाला ते खोटंही वाटलं नाही. आमच्याकडे मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, धट्टीकट्टी माणसं कानाला मफलर गुंडाळून फिरतात, दंवाला एवढी भितात. अप्पा मला रोज पहाटे बजावायचे, "डोईस बांध गे, दंव पडतें."

त्या लेखकाबद्दल लोक मोठमोठं बोलतात. मला तो आवडला तो एका साध्या गोष्टीसाठी. त्याला कोणाचीच घाई नाही. सावकार असो, मोलकरीण असो, दारुडा असो, प्रत्येकाला तो बसायला जागा देतो आणि मग गप्प बसून बघत राहतो. कोणी वाईट वागलं तरी त्याच्यावर खेकसत नाही. अप्पा म्हणायचे, "हा मनुष्य उगे बसून ऐकतो." आमच्या बोलीत उगे म्हणजे गप्प.

मराठी येतं म्हणून कंपनीनं मला पुण्याच्या ऑफिसात पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी मी "मज ठाऊक नाहीं" म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "कुठल्या ऐतिहासिक मालिकेत काम करता?" सगळे हसले, मीही हसले. पण हळूहळू 'मज'चं 'मला' झालं. 'उगे' म्हटलं की लोकांना 'उगाच' ऐकू यायचं, म्हणून तेही सोडलं. पुढे पुण्यातच लग्न झालं. नवऱ्यानं कौतुकानं त्याच कादंबरीचं मराठी भाषांतर आणून दिलं. उत्तम होतं. पानोपानी बर्फ. मला मात्र बर्फ म्हटलं की कुंभेश्वराच्या देवळापुढची उसाच्या रसाची गाडीच दिसायची. त्या बर्फात मला कोणासाठी रडता येईना.

दुसरा भाग मी पहिल्याच महिन्यात संपवला होता. शेवटाकडे एक म्हातारा गाडीवान आहे. लेकीला दूरच्या शहराच्या गाडीत बसवून तो एकटाच परत निघतो. वादळ येतं, घोडा थकतो. म्हातारा आपली शाल घोड्यावर घालतो आणि त्याच्याशेजारी बसून राहतो. सकाळी घोडा जिवंत सापडतो. अप्पांना हे फोनवर कसं सांगणार? तेही दरवेळी विचारायचे, "पुढें काय झालें?" आणि मी म्हणायची, घरी आले की सांगेन. घरी जायची तेव्हा पाहुणे तरी असत, नाहीतर परतीची घाई. मग अप्पांचे डोळे काचबिंदूनं गेले, आणि स्वतः वाचण्याचा प्रश्नच उरला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्गळीत मी रजा काढून गेले. संध्याकाळी तिण्णैवर बसलो. अप्पांनी मफलर गुंडाळला, काठी बाजूला ठेवली. "आतां सांग." मी सांगू लागले. माझी मराठी अडखळत होती, पुणेरी शब्द मध्ये घुसत होते, त्यांना ढकलून जुने शब्द हुडकावे लागत होते. म्हातारा लेकीला सोडून निघाला. आभाळ भरून आलं. आणि वरून... इथे मी थांबले. जिभेवर बर्फ आला होता.

"दंव पडूं लागलें," मी म्हटलं.

अप्पांनी मोठा श्वास सोडला. मग तेच पुढे म्हणाले, "आपली शाल घोड्यावर घातला, आणि उगे बसला."

"अप्पा! तुम्ही वाचलां होतां?"

"तुज गाडींत बसवायच्या आधींच. तोंडानें सांगतां येईना, म्हणून पुस्तकच दिलों."

"मग इतकी वर्षं विचारत कशास होतां?"

त्यांनी तोंड वर केलं. डोळे आकाशाकडे होते, जसं काही दिसतच होतं. "तें बर्फ आहे, मज ठाऊक आहे गे. तिकडे राहून तूंही बर्फ म्हणशील कीं काय भ्यालों, म्हणून विचारीत होतों."

पुढच्या मार्गळीपर्यंत ते राहिले नाहीत. घर भाड्यानं दिलं आहे, भाडेकरू चांगले आहेत. दोन्ही भाग आता पुण्यात एका फळीवर शेजारी शेजारी उभे आहेत. आपल्या तंजावरी माणसांपैकी तुम्ही जे तिथेच राहिलात ते विचारता, घरी कधी येणार? आणि माझ्यासारखे जे निघून आलात, तुम्हाला हा प्रश्न कसा टोचतो ते मला ठाऊक आहे. माझं घर कावेरीकाठी नाही आणि पुण्यातही नाही. एक माणूस रशियाच्या हिमाला दंव म्हणायचा, आणि दुसऱ्या माणसाला ते कळायचं, तेवढंच माझं घर होतं. त्यातलं आता एकच माणूस उरलंय.

परवा पहाटे नवरा फिरायला निघाला. बाहेर स्कूटरची सीट ओली दिसत होती. मी त्याच्या हातात मफलर दिला. "डोक्याला बांधा, दंव पडतंय."

"दव म्हण गं," तो प्रेमानं म्हणाला. "दंव आता कोणी म्हणत नाही."

मी उगे राहिले.