तिवसाचे गुटके अन् ग्यारंटीचा कागद

ये वो पोरी, अशी जवळ सरक. सहा महिने तोंड दाखवलं नाई, अन् आली त पाव्हण्यासारखी उंबऱ्यापाशी टेकली! वरतून म्हणते, "आजी, नवी गाडी घेतली, आता खालून उंच करून घेते." घे करून. पण पहिले ग्यारंटीचा कागद वाच, अन् मी सांगते ते आयक.

चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, त्याचे दोन झाले नव्हते. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात पहिली पिकप माह्या मोठ्या भावानं, दादानं, आणली. पुढं दोघायची बैठक, मागं उघडा हौदा. नागपूरच्या एजन्सीतून नवीकोरी. संग एक इंग्रजी कागद होता. सहा महिन्यांत काई मोडलं त बदलून देऊ, असं त्यात लिहून होतं म्हणे.

आता आमच्या झाडीपट्टीची रीत अशी, का नवी बंडी, म्हणजे बैलगाडी, दारी आली का पहिले तिले उचलायची. धानाच्या बांध्यांचे धुरे, जंगलवाटेवरचे खुंट, यायच्यावर बंडीचं पोट घासू नये म्हणून सुतार आसावर तिवसाच्या लाकडाचे गुटके, म्हणजे ठोकळे, बसवते. तिवस म्हणजे लोखंडाचा भाऊ. माहे मालक सुतारच होते. दादा म्हणाला, "जवाईबापू, हिचंबी पोट लय खाली हाय." झालं. पूजेच्या आधीच मालकानं चारी चाकांपाशी, स्प्रिंगचे पाटे अन् आस यायच्या मधात, चार-चार बोटं जाडीचे गुटके घातले. लुगडं खोचून बाई चिखलात उतरते ना, तशी गाडी उभी झाली. कोणाले वाटलं नाई का याच्यात काई चुकलं.

तिसऱ्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. गाडी उंच झाल्यानं मागच्या चाकायले फिरवणारा दांडा तिरपा पडून घासला. तो दोष आमचा. मालकानं तो कबूल केला. पण इंजिनात पाणी फिरवणारा पंपबी फुटला, त्याच्या ओतीव लोखंडातच चीर होती. मधात थांबून थांबून पाणी ओतत आमी तिघं नागपूरले गेलो.

एजन्सीचा साहेब वाकला, गाडीखाली पाह्यलं अन् हसतच सुटला.

"हे बैलगाडीचं लाकूड कोणी घुसवलं? ग्यारंटी गेली!"

मी म्हटलं, "साहेब, पंप वर हाय, लाकूड खाली हाय. खालच्यानं वरचं कसं फुटलं?"

"बाई, तुम्ही चुलीकडे बघा. अशा सुताराच्या हाती गाडी दिली की दुसरं काय होणार?"

मालक मान खाली घालून उभे. ती खाली गेलेली मान मी इसरली नाई. त्याच दिवशी मनात म्हटलं, तुले माह्या मालकाची माफी मांगायले लावीन.

दादानं चांद्याहून जुना पंप आणून बसवला, दांडाबी बदलला, गाडी चालू झाली. मालकाचं काम मात्र बंद पडलं. साहेबाचं बोलणं गावभर पसरलं. बाजारात मालक दिसले का लोक म्हणत, "सुतार आला रे, बंड्या झाका!" नव्या बंड्या दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. मालकानं लाकूड तासायचा वाकस आढ्याले खोचून ठेवला. मी गुरुजीकडं जाऊन तो इंग्रजी कागद समजून घेतला. त्यात साफ होतं: फेरबदलानं जे मोडलं तेवढंच कंपनीवर नाई, बाकीचं कंपनीवर. कागद पुन्हा गाडीच्या कप्प्यात ठेवला.

दिवाळीनंतर एका दिवशी आमी तिघं पिकपनं बाजाराले निघालो, त नाल्यात गर्दी दिसली. मधोमध एक चकचकीत मोटार पोटावर बसली होती. बाजूले पॅन्ट गुडघ्यावर दुमडून तोच साहेब! राइसमिलवाल्यायले नवी गाडी दाखवायले आला होता. मले त गूळ खाल्ल्यासारखं झालं.

"अहो, जरा ओढून काढा ना," तो दादाले म्हणाला.

मी हौद्यातून उतरली, कप्प्यातला कागद त्याच्यापुढं धरला. "काढतो ना. पहिले कागद वाचा."

त्यानं मले ओळखलं. घाईघाईनं इंग्रजीत वाचलं.

"मराठीत वाचा. लोकायले कळलं पाह्यजे."

"बाई, मला घाई आहे."

"आमालेबी होती."

लोक हसले. त्यानं मराठीत वाचलं. मी इचारलं, "मंग पंप कोणावर होता?"

"कंपनीवर," तो पुटपुटला.

"नाल्याच्या पल्याड आयकू गेलं नाई."

"कंपनीवर होता! लाकडाचा संबंध नव्हता. नवा पंप पाठवतो."

"पंप तुमच्या देवघरात ठेवा. तुमी सुताराले काय म्हटलं होतं?"

दादा कानात म्हणाला, "अवो, पंप त घे!"

साहेब मालकाकडं वळला अन् हात जोडले. "भाऊ, चूक माझी होती."

मालकानं दोर बांधला. मी म्हटलं, "ढिल्ला हाय, सोडा." पुन्हा बांधला. पुन्हा म्हटलं, ढिल्ला हाय. साहेब तेवढा वेळ चिखलात उभा. मालक म्हणाले, "बस कर वो आता." तेव्हा कुठी मी बाजूले झाली. उचललेल्या पिकपनं ती मोटार एका हिसक्यात बाहेर काढली.

पुढच्या बाजाराले एक म्हातारा नवी बंडी घेऊन आमच्या दारी आला. मालकानं आढ्याचा वाकस काढला.

राग गेला का म्हणते? नाई गेला. तिसऱ्यांदा दोर सोडायले लावला नाई, याचीच हळहळ हाय. पिकप मोडीत गेली तेव्हा गुटके मी ठेवून घेतले. आता मी ज्याच्यावर बसली हाय, तो त्यातलाच. दुसरा तुह्यासाठी पुसून ठेवते. लवकर ये, अन् गाडीचा कागद संग आण. दोघी मिळून वाचू.