केस उतरवा लागते

कुरखेड्याच्या बसस्टँडमागे, पिठाच्या गिरणीला लागून, संघप्रियाचं ब्यूटी पार्लर आहे. गिरणी सुरू झाली की आरसा असा थरथरतो की गिऱ्हाईक हसतंय की रडतंय तेच कळत नाही. मालकीण, कारागीर आणि झाडूवाली, सगळं संघप्रिया एकटीच. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "लोकाइच्या पोरी सजवता सजवता टाईमच नाई भेटला." आता हे काही खरं कारण नव्हे. पण जिनं सांगायचं तिनं एवढंच सांगितलं, तर आपण खोदून काय करायचं?

तोंडाची फटकळ. भुवया कोरायला आलेल्या बाईला "भुवया हायेत कुठी? आदी उगवू दे, मंग ये" म्हणून परत पाठवणारी. पण हात असा हलका, की शिव्या खाऊनही बाया तिच्याकडेच यायच्या. आणि तिचं खरं नाव झालं ते केसांमुळे.

पूर्वी बायका गंगावन लावायच्या. वेणीत गुंफलं, समारंभ झाला, काढून खुंटीला टांगलं. मोकळ्या केसांना त्याचा काय उपयोग? मग केस डिंकानं चिकटवणारे आले, शिवून बसवणारे आले. डिंकानं डोकं भाजायचं, शिवणीनं ओढायचं. संघप्रिया नागपूरच्या एका पार्लरात राहून तिसरीच रीत शिकून आली. मोहरीहून जराशी मोठी कडी. तिच्यातून गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या केसांची बारीक बट ओढून घ्यायची, त्याच कडीत विकतच्या केसांचं टोक सारायचं, आणि चपट्या तोंडाच्या पकडीनं कडी दाबायची. झालं. काढताना तीच कडी आडव्या अंगानं दाबली की पुन्हा गोल होते आणि केस अलगद सुटतात. हे ज्याला ठाऊक नाही तो ओढतो, आणि मुळासकट बट हातात घेऊन बसतो.

नागपूरला शिकवणारी बाई हिंदी बोलायची. बाल चढाना, बाल उतारना. संघप्रियानं ते शब्द जसेच्या तसे कुरखेड्याला आणले. "आज केस चढवाचे हाये." "होळी झाली का उतरवाले ये." एकदा एका नवरीची आजी कानावर हात ठेवून म्हणाली होती, "बाई व, लगनघरी असं अभद्र नोको बोलू." केस उतरवतात ते मयतीला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. संघप्रियालाही ठाऊक होतं, नाही असं नाही. पण तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्यानंतर त्यांच्या घरात मयतीला कोणी डोकं भादरलं नव्हतं. त्या शब्दातलं मरण तिनं ऐकलेलं होतं, भोगलेलं नव्हतं. ती हसली आणि आजीलाच म्हणाली, "तुमचे बी चढवून देऊ का, आजी?"

सोमारी तिच्याकडे पहिल्यांदा आली ती बापाला घेऊन. सोमारी पलीकडच्या जंगलातल्या गावची, वडशाच्या एका नाटक कंपनीत काम करणारी. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकातल्या नायिकेला लांब केस हवेतच. सोमारीचे केस लहानपणी टायफॉईडनं गेले ते पुन्हा नीट आलेच नाहीत, शेळीनं खाल्लेल्या रोपासारखे राहिले. आई नव्हती. बाप जंगू, धान पेरणारा, मोह-तेंदू वेचणारा, बोलण्यात अगदी जपून. पार्लरात बायका बसलेल्या, म्हणून तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि तिथूनच सगळं पाहत राहिला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं,

"बाई, हे कोनाचे केस होय?"

"देवाले देतेत ना लोकं, तेच इकत येते, भाऊ. नवसाचे."

जंगूनं मान हलवली. जिवंत माणूस हौसेनं डोकं भादरतो हे त्याच्या पचनी पडलेलं दिसलं नाही. पण केस कमरेपर्यंत सोडून सोमारी उठली, आरशापुढं एक गिरकी मारली, तेव्हा तो असा हसला की संघप्रियानं त्याला चहा पाजला. "पोरीच्या एका केसाले धक्का नाई लागनार, भाऊ. मी हावो ना."

तीन वर्षं सोमारीचे केस तिनंच चढवले आणि उतरवले. पोरीनं तिला ताई म्हणावं आणि तिनं पोरीला शिव्या घालाव्यात, असं ते नातं. चौथ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, सोमारी म्हणाली, "ताई, डोस्कं लय दुखते व. डाव्या बाजूनं दिसते बी कमी." संघप्रियाला पहिली शंका आपल्या हातांचीच आली. आपलं काम तर घट्ट बसलं नाही ना? तिनं निम्म्या कड्या सोडवल्या, सैल करून पुन्हा बसवल्या. दुखणं थांबेना. कंपनीत कुजबुज सुरू झाली की त्या कड्यांनीच पोरीचं डोकं खाल्लं. बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं का? संघप्रियाला अन्न गोड लागेना. रोज एकदा तरी ती ती पकड हातात घेऊन बघायची, जणू त्या पकडीलाच विचारावं, काय केलंस गं?

आणि एका दुपारी तालमीतच सोमारी कोसळली. हातपाय वाकडे, तोंडाला फेस. कंपनीच्या गाडीतून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं, जंगूला गावावरून बोलावलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा मोठ्या यंत्रातून फोटो काढायचा. पण त्या यंत्रात धातूची टाचणीसुद्धा चालत नाही, आणि पोरीच्या केसांत तर कड्याच कड्या. सकाळी नर्सनं सोमारीच्या मोबाईलवरून संघप्रियाला फोन लावला. जंगूकडे पाहत ती हळू आवाजात बोलली. दुपारपर्यंत कड्या निघाल्या नाहीत तर केस कापून टाकू, फोटो थांबवता येणार नाही, असं तिनं सांगितलं आणि फोन जंगूच्या हातात दिला.

"जंगूभाऊ," संघप्रिया इकडून ओरडली. गिरणी सुरू होती, रेंज तुटत होती. "केस उतरवा लागते, भाऊ. आता दुसरा इलाज नाई. मी निघूनच राह्यली."

पुढचं, की ते मी येऊन उतरवते, कोणाला कापू देऊ नका, हे ती गिरणीलाच सांगत बसली. फोन कधीच कटला होता.

बस आरमोरीवरून. बाहेर धान पिकून पिवळं झालेलं, कुठं कुठं कापणी लागलेली. संघप्रियाला काही दिसत नव्हतं. पकड पर्समध्ये आहे ना, हे तिनं किती वेळा चाचपलं असेल! दवाखान्याच्या फाटकातून ती धावतच आत गेली आणि कडुलिंबाखाली तिला जंगू दिसला.

डोक्याचा गोटा. ताजा, ओला. कानामागे वस्तऱ्याचा ओरखडा. खांद्यावर पंचा टाकून तो मातीकडे बघत बसला होता.

संघप्रियाला समजलं. उशीर झाला. गेली पोरगी. ती तिथंच खाली बसली. "कवा गेली, भाऊ?"

जंगूनं वर पाहिलं. "तुमालेच ठावं, बाई. मले कोनी अंदर जाऊ नाई देल्लं. तुमीच त फोनवर सांगतलं."

"म्या? म्या काय सांगतलं?"

"केस उतरवा लागते म्हनून. इलाज नाई म्हनून." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "त्या नर्सबाईनं मले नाई सांगतलं, तुमाले सांगतलं. मले समजलं. फाटकाजवळ न्हावी होता. गावाले बी फोन केला, खड्डा खना म्हनून."

एवढ्यात वऱ्हांड्यातून नर्स ओरडली, "कड्या काढणारी बाई आली का? पोरगी केव्हाची थांबलीय!"

अरे देवा, असं तोंडातून निघून गेलं तिच्या, जी एरवी देवाचं नाव घेत नसे. तिनं जंगूचा दंड धरला. "जिती हाये, भाऊ! मी चढवलेल्या केसाइचं बोलून राह्यली होती! माह्या जिभेले काई हाड... जिती हाये सोमारी, चला!" जंगू उठला खरा, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद आलाच नाही. तो मान डोलावत राहिला. गावाला फोन करून खणणाऱ्यांना थांबवलं. अर्धा झालेला खड्डा लोकांनी बुजवला, आणि बुजवताना काय बोलले असतील ते आपण न ऐकलेलंच बरं.

सोमारी खाटेवर डोळे मिटून पडली होती. संघप्रिया उशाशी बसली आणि पहिली कडी पकडीत धरली.

"ताई, खींचू नोको हं."

"कवा खींचलं व म्या? चूप राय."

आडव्या अंगानं हलकेच दाब. कडी गोल. केस मोकळे. दाब, गोल, मोकळे. विकतच्या लांब बटा एकेक करून मांडीवर जमल्या. सोमारीचा स्वतःचा एक केस तुटला नाही. एवढ्या वर्षांत असं नेटकं काम तिच्या हातून झालं नव्हतं, आणि तिला ढसढसा रडू येत होतं.

शेवटच्या कडीला नर्सनं जंगूला आत सोडलं. तो पोरीवर वाकला. सोमारीला धड दिसत नव्हतं. तिनं चाचपडत हात वर केला, तो बापाच्या गुळगुळीत डोक्याला लागला आणि तिथंच थांबला.

"बा," ती म्हणाली, "कोन मेलं?"

जंगूनं संघप्रियाकडे पाहिलं. संघप्रियानं पटकन सांगून टाकलं, "कोनी नाई मेलं व. बापानं तुह्यासाठी नवस फेडला."

सोमारीच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "बरी व्हाच्या आदीच फेडला? नवस त मागून फेडतेत, ताई. तुले एवढं बी नाई समजत?"

नाहीच समजत. कसं समजणार? तिच्या घरात ना नवस, ना केस उतरवणं. जे शब्द तिचे नव्हते तेच त्या दिवशी दोनदा तिच्या तोंडी आले, आणि दोन्ही वेळा नको तिथं.

फोटोत गाठ दिसली. खोल, आणि जुनी. संघप्रियानं डॉक्टरांना गाठून विचारलं, कड्यांमुळं तर नाही ना झालं? डॉक्टर म्हणाले, काही संबंध नाही, कितीतरी आधीपासूनची आहे. हेच तर तिला ऐकायचं होतं, पण तिचा जीव काही हलका झाला नाही. सोमारीला नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, शुद्ध आली, बापाशी चार शब्द बोलली, पुन्हा तशीच पडून राहिली. गाडीनं परत आणली ती चादरीत गुंडाळूनच.

मातीला संघप्रिया गेली. गावातले लोक तिच्याकडे बघून बाजूला सरकत होते. जंगूच्या घराण्यात त्याच दिवशी केस उतरवतात. नाल्याकाठी भाऊबंद ओळीनं बसले. वस्तरा जंगूपर्यंत आला आणि थांबला. वस्तरेवाल्या म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर तळवा फिरवला. नुसती खुंटं. उतरवायला काही नव्हतंच. म्हाताऱ्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि पुढच्या माणसाकडे सरकला.

"बोलाफुलाले गाठ पडली," मागं कोणीतरी बाई पुटपुटली.

संघप्रियाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती निघायला वळली तर समोर जंगू. आता हा शिव्या देईल, आणि द्याव्याच, असं तिच्या मनात आलं.

जंगूनं हात जोडले. "सप्पाइनं मले थापा देल्ल्या, बाई. डॉक्टरनं बी, कंपनीवाल्याइनं बी. बरी होईन, बरी होईन. तुमी एकट्यानंच खरं सांगतलं."

"भाऊ, मी तसं नोती..."

"मंग तुमी फिरवून घेतलं, मले धीर द्यासाठी. समजलं मले तवाच." त्यानं वावराकडे हात केला. "धान उभं होतं वावरात. फोन आला त्याच सांजी गावाले येनार होतो, कापनीले. तुमी सांगतलं म्हनून नाई गेलो. शेवटपावतर पोरीजवळ बसाले भेटलं मले."

तो तिच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला. आपली चूक कबूल करून मोकळं व्हावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"हव, भाऊ," संघप्रिया म्हणाली. "मले ठाव होतं."