नळ मी बंद केला होता

रोपवाटिकेत सगळे तिला थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही तिथेच कामाला होती. थोरलीनेच तिला चिकटवलं होतं. टी ट्रीची रोपं दोघींकडे. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "याचा चहा होतो का?" थोरली पान चुरगाळून त्याच्या नाकाशी धरायची. "तेल निघतं याचं. चहा केलात तर पाहुणे परत यायचे नाहीत."

या रोपांना पाण्याची भारी हाव. माती एकदा का खडखडीत वाळली, की नंतर कितीही पाणी घाला, उपयोग नाही. म्हणून कुंड्यांखालच्या ट्रेमध्ये कायम बोटभर पाणी लागतं. सुट्टीआधी नळ बारीक सोडून ठेवायचं काम धाकटीचं.

त्या शनिवारी धाकटी नळ सोडून घरी गेली. थोरलीला गळकी नळी जोडायची होती. तिने नळ बंद केला, नळी जोडली, तेवढ्यात बस दिसली म्हणून धावत सुटली. सुट्टीचे दोन्ही दिवस कडक ऊन पडलं. तीनशे रोपांच्या काड्या झाल्या.

मालकीणबाईंनी विचारलं, "नळ कुणाकडे होता?"

थोरली वाळक्या कुंड्या बाजूला काढायला लागली. धाकटीच म्हणाली, "माझ्याकडे. सोडल्यासारखं आठवतंय, पण... विसरले असेन."

तिला रोपांवरून काढून मातीची पोती भरायला लावलं. ते थोरलीने कसंबसं पचवलं. पण धाकटीचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गॅस तीनतीनदा बघायची, अर्ध्या जिन्यातून कुलूप ओढून बघायला परत यायची. एकदा दोघी भाजी चिरत होत्या तेव्हा म्हणाली, "ताई, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू विसरायची, मग माणसं."

थोरलीने सुरी खाली ठेवली. "नळ मी बंद केला होता."

"म्हणजे मी सोडला होता?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

धाकटीने आधी मोठा श्वास सोडला. मग तिचे डोळे भरले. "दोन महिने, ताई! आणि तुम्ही मला रोज सांगत होतात, काळजी करू नकोस म्हणून."

दुसऱ्या दिवशी थोरलीने मालकीणबाईंना सगळं सांगितलं. धाकटी रोपांवर परत आली, थोरली पोत्यांवर गेली. वर्ष होत आलंय. धाकटी बोलते, पण कामापुरतं. थोरलीने पुन्हा माफीचा विषय काढला, की म्हणते, "राहू द्या आता. मातीचा ट्रक आलाय."