टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

माझी सगळी नोकरी संशय घेण्यात गेली आणि त्याचाच मला पगार मिळाला. मी वजनमापे निरीक्षक होतो. सांगलीला हळदीच्या पोत्यांचे काटे तपासले, कडेगावकडे उसाचे वजनकाटे तपासले, आठवडी बाजारांतून भाजीवाल्या बायकांची मापं उलटीपालटी करून बघितली आणि त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. दुकानदाराने चहा पुढे केला की मी आधी काट्याच्या पारड्याखाली हात घालायचो. निवृत्त होऊन कोरेगावला घरी राहायला आलो तरी ही खोड गेली नाही. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते वजन करून घ्यायचो आणि आणणारा माणूस आमच्या गल्लीत सगळ्यात शेवटी यायला लागला. बायको म्हणायची, "आवं, घरात तरी साहेब हू नका."

गाडी नोकरीच्या शेवटच्या वर्षी घेतली होती. पेट्रोलवरची, पांढरी, चार माणसं बसतील एवढी. पहिल्या दिवसापासून मी तिची वही ठेवली. पद्धत सोपी होती. टाकी गळ्यापर्यंत फुल्ल करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं ते लिहायचं आणि भागाकार करायचा. लोक अंदाजाने ॲव्हरेज सांगतात आणि खोटं सांगतात. माझा आकडा टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असायचा.

त्यात एकच भानगड होती, धाकट्या भावाची. आमची घरं एकाच आवारात, मागची दारं समोरासमोर. शेती तो बघायचा, आलं लावायचा. त्याच्याकडे मोटारसायकल होती, पण बायकोमुलीला कुठे न्यायचं असलं की तो माझी गाडी न्यायचा. मागायचा नाही. आपल्याकडे सख्ख्या भावाने गाडी मागायची नसते, चावी न्यायची असते. परत आणली की सांगायचा, "दादा, प्याट्रोल टाकलंय." मी त्याचे किलोमीटर वहीत वेगळे काढायचो आणि त्याने जाळलं तेवढं त्याने घातलं असं धरून चालायचो. किती घातलं ते कधी विचारलं नाही. तेवढी लाज मला होती.

नवी होती तेव्हा गाडी माझ्या वहीत एकोणीसच्या आसपास देत होती. पाच वर्षांनी साडेअठरा. दहा वर्षांनी अठरा. माझ्या बरोबरीच्यांच्या गाड्या तोवर चौदा-पंधरावर आल्या होत्या. ते तक्रार करायचे आणि मी त्यांना टायरमधल्या हवेवर, गियर वेळेवर बदलण्यावर भाषण द्यायचो. गाडी म्हातारी होत नाही, चालवणारे हयगय करतात, असं मी ठासून सांगायचो. वही दाखवायचो.

मग दोन वर्षांपूर्वी आकडा घसरायला लागला. अठराचा सतरा झाला, दिवाळीपर्यंत सोळा, उन्हाळ्यात पंधरा. मी तोच, रस्ता तोच. पंधरा दिवसांनी सांगलीला लेकीकडे जायचं आणि यायचं, बाकी बाजार आणि दवाखाना. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय पंपावर घेतला, ते तर माझं जुनंच काम. मी आमच्या नेहमीच्या पंपावर गेलो आणि पाच लिटरचं माप मागितलं. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि कुणाही गिऱ्हाइकाने मागितलं तर दाखवावं लागतं, पण मागत कुणी नाही. तिथल्या जुन्या कामगाराने मला ओळखलं. तो माप घेऊन आला, मी वाकून रेघ बघितली. पेट्रोल रेघेला बरोबर टेकलं होतं. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं.

दुसरा संशय मेस्त्रीवर. तो म्हणाला, "साहेब, बारा-तेरा वर्षांची गाडी हाय. इंजनाचा दम कमी हुतोय, ब्रेक थोडं धरत्यात, प्लग जुनं झाल्यात. आता ती काय नव्यावानी देनार न्हाई." मी म्हणालो, "गेल्या वर्षापर्यंत अठरा देत होती." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "अठरा? ही गाडी? न्हाई हो." मला राग आला. मी वही दाखवली. त्याने हात पुसून वही बघितली आणि परत दिली. मग त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, मागचं चाक अडत होतं ते मोकळं केलं. पुढच्या टाकीला अर्धा किलोमीटर वाढला आणि त्याच्या पुढच्या टाकीला पुन्हा गेला.

मग मी वही घेऊन एका दुपारी बसलो आणि भावाच्या फेऱ्यांवर लाल पेनाने खुणा केल्या. आजही ती पानं बघवत नाहीत. मी मनाशी जुळवत गेलो. तो जाळतो सहा लिटर, टाकत असेल चार. उरलेलं माझ्या टाकीतून जातं आणि माझा आकडा पडतो. आधी असं होत नव्हतं, कारण आधी त्याची नियत चांगली होती. आता मुलीच्या शिक्षणात पैसा गेला, ती पुण्याला नोकरीला गेली, आल्याचं पीकही दोन वर्षं बरं नव्हतं, म्हणजे हात आखडला असणार. एक गोष्ट मात्र खुणांमध्येच समोर होती आणि मला दिसली नाही. मुलगी पुण्याला गेल्यापासून त्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. महिन्याला चार-पाच असायच्या, त्या एक-दोनवर आल्या होत्या. नोकरीत दुसऱ्या कुणी पुरावा असा वाचला असता तर मी त्याला मूर्ख म्हणालो असतो.

मी भावाला काही बोललो नाही. फक्त चावी मागच्या दाराजवळच्या खिळ्यावर टांगायचं बंद केलं आणि कपाटात ठेवायला लागलो.

पावसाळा संपता संपता तो एका सकाळी मागच्या दाराने आला. त्याचे सासरे मेढ्याला असतात, ते ओसरीवरून घसरून पडले होते. त्याने सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता.

"दादा, चावी?"

"क्लच गेलाय रं," मी म्हणालो. "मेस्त्रीला दाखवायचीय."

त्याने दारातूनच शेडमध्ये बघितलं. तासाभरापूर्वी मी बाजारातून आलो होतो. चाकांचा चिखल अजून ओला होता, बॉनेटवर मांजर ऊब घेत बसलं होतं. त्याने ते सगळं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं," म्हणाला. "आमी यष्टीनं जातो."

त्याची बायको पिशवी घेऊन आवारात उभी होती. दोघं स्टँडकडे चालत गेली. साताऱ्याला बस बदलून जायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. माझी बायको ओट्याशी उभी होती. तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "मला लाज वाटली." एवढंच.

मी मात्र आकड्याची वाट बघत होतो. आता चावी माझ्याकडे, गाडी माझ्याकडे, तिसऱ्याचा हात नाही. आकडा वर यायलाच हवा होता, म्हणजे मी खरा ठरलो असतो. दोनदा सांगलीला जाऊन आलो आणि टाकी फुल्ल केली. पंपाच्या कडेला गाडी लावून भागाकार केला. तेरा. पुन्हा केला. तेराच.

चोर बाहेर काढला आणि चोरी वाढली, असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मी तसाच माघारी पंपावर गेलो आणि पुन्हा पाच लिटरचं माप मागितलं. तो जुना कामगार माप घेऊन आला. पुन्हा रेघेला बरोबर. मी रेघेवरून डोळे काढत नव्हतो.

"साहेब, मापात काय न्हाई," तो म्हणाला. "तुमचं धाकटं भाऊ हल्ली येत न्हाईत व्हय गाडी घिऊन?"

"का?"

"न्हाई, ते आलं की दोनदा टाकायचं. जाताना आपल्यापुरतं, आन घराकडं वळायच्या आदी आनखी तीन लिटर. मी एकदा म्हनलं, आवं टाकी बरीच हाय की. तर म्हनलं, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं."

हे कुठून आलं ते त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. आमच्या दोन्ही घरांत वाटी गेली की रिकामी येत नाही. माझ्या बायकोने आमटी पाठवली तर वाटीतून गुळाचा खडा येतो, गूळ नसला तर चिमूटभर साखर, तीही नसली तर चार तांदूळ. आईने घालून दिलेली रीत. आई गेल्यावरही दोन्ही जावांनी ती मोडली नाही. मी घरात एवढी वर्षं त्या वाट्या येता-जाता बघत होतो आणि भाऊ माझी गाडीही त्याच हिशेबाने परत करतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे मेस्त्री खरं बोलत होता. गाडी सगळ्यांच्या गाड्यांसारखीच म्हातारी होत होती, वर्षाला थोडी थोडी. पुतणी मोठी होत गेली तशा भावाच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि गाडीची घट तो भरून काढत होता, तेही त्याला ठाऊक नसताना. ज्या आकड्यावर मी लोकांना भाषणं दिली त्यातले तीन-चार किलोमीटर त्याचे होते. त्याच्या फेऱ्या कमी झाल्या तसा आकडा उतरला आणि मी चावी लपवली तेव्हा तळाला गेला.

मी गाडीत बसलो. मला माझी शरम वाटली आणि तरीही, सवय वाईट, मनात आलंच की हा कामगार त्याच्या बाजूने तर बोलत नसेल? मग तो विचार टाकून दिला. टाकायला वेळ लागला, हेही लिहितो.

त्याच दिवशी चावी घेऊन मागच्या दाराने त्याच्याकडे गेलो. तो सोप्यात आल्याचं बियाणं निवडत बसला होता. मी चावी त्याच्यापुढे धरली.

"ही तुझ्याकडंच राहू दे. चुकलं माझं. क्लच गेला नव्हता."

"ठाव हाय, दादा."

"पंपावर कळलं मला. तू जास्तीचं टाकत होतास."

त्याने हातातला आल्याचा कोंब मोडून बघितला, बाजूला ठेवला. "त्यात काय. जाऊ द्या." त्याने चावी घेतली नाही असं नाही. घेतली, आत जाऊन खिळ्याला लावली आणि पुन्हा येऊन बियाणं निवडायला बसला. मला वाटलं, मिटलं.

पण त्यानंतर ती चावी हलली नाही. मला सांगलीला जायचं असलं की मीच त्याच्या घरी जाऊन ती आणायचो आणि नेऊन लावायचो. तो बाजारला मोटारसायकलने जायचा, बायकोला यष्टीत बसवून द्यायचा. मी दोनदा म्हणालो, गाडी ने. तो म्हणाला, "नेतो की." वाट्या मात्र दोन्ही घरांत येत-जात होत्या. त्यात बायकांनी खंड पडू दिला नाही.

गेल्या महिन्यात त्याचे सासरे पुन्हा पडले. त्यांना मेढ्याहून साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हाताऱ्याला यष्टीत चढवणं शक्य नव्हतं. तेव्हा तो आला, आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं. "दादा, गाडी न्हिऊ का?" चावी त्याच्याच घरात होती. मी आदल्याच दिवशी टाकी फुल्ल केली होती आणि मनातून खूश झालो होतो. बायकोनेही डब्यात लाडू भरून दिले.

संध्याकाळी तो परत आला. गाडी शेडमध्ये लावली, आरसाही मी ठेवतो तसा वळवून ठेवला. मग माझ्या दारात आला आणि खिशातून पंपाची पावती काढली.

"टाकी फुल्ल करून आनलीय दादा. ही पावती. लिटर लिवल्यात बघा त्यावर. किलोमीटर तुमी बघून घ्या."

"अरे, पावती कशाला?"

"असू द्या. तुमाला वहीला लागतीया." बोलण्यात कुठेही राग नव्हता. माझ्या नोकरीत दुकानदार जसे कागद पुढे करायचे तसा त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. मग म्हाताऱ्याचं हाड मोडलेलं नाही, दोन दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलंय म्हणून सांगितलं आणि मागच्या दाराने गेला.

मी शेडमध्ये जाऊन आकडा बघितला. ब्याण्णव किलोमीटर, पावतीवर सात लिटर. जेवढं जाळलं तेवढंच, वर एक थेंब नाही. वहीत त्याच्या फेरीपुढे ॲव्हरेजच्या रकान्यात इतकी वर्षं मी नुसती रेघ मारत होतो. त्या दिवशी तिथे पहिल्यांदा आकडा लिहिला. तेरा पूर्णांक एक. माप बरोबर होतं.